चिंधूजींची शिरगणती

परवा शेजारच्या एका बाईंनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. पळसडोह हॉल्टचा फलाट, कमरेएवढं गवत, एका बाजूला खचलेला सिमेंटचा बाक, त्यावर पाय सोडून बसलेली नवरी आणि गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीला टेकून उभा असलेला नवरदेव. लग्नाआधीचे फोटो. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘किती निवांत ना? आपल्या इतक्या जवळ असं ठिकाण आहे!’

मी फोन उलटा ठेवला. उठून चहा टाकला, तो उतू गेला, पुन्हा टाकला, तरी राग जाईना. निवांत म्हणे! ते ठिकाण निवांत नाही, बंद पाडलेलं आहे. आणि चिंधूजी असते तर त्या पाटीला टेकायची त्या पोराची हिंमत झाली नसती. चिंधूजींनी त्याला कोट-टायसकट खाली ओढलं असतं आणि पहिला प्रश्न विचारला असता, “तिकीट कुठी हाय?”

मी पळसडोहच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला होते. नवरा वीज केंद्रात, राहणं ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. सकाळी चंद्रपूर स्टेशनवरून मूल गावाकडे जाणारी पॅसेंजर धरायची, पळसडोहला उतरायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. अकरा वर्षं हा क्रम चालला. चंद्रपूरहून निघालं की घरं संपता संपता रान सुरू होतं, आणि त्या रानात एक टिनाची शेड, एक बाक, एक पाटी आणि एक तिकीट खिडकी, एवढं ते हॉल्ट. स्टेशनमास्तर नाही, सिग्नल नाही. गाडी एक मिनिट थांबायची.

आणि त्या एका मिनिटाचे मालक चिंधूजी.

तसे ते रेल्वेचे नोकर नव्हते. अशा हॉल्टवर तिकिटं विकायला गावातलाच एखादा माणूस नेमतात, त्याला हॉल्ट एजंट म्हणतात. पगार नाही, गणवेश नाही. पण चिंधूजींनी गावच्या शिंप्याकडून खाकी शर्ट शिवून घेतला होता आणि त्याला कुठूनतरी मिळवलेली पितळी बटणं लावली होती. ती बटणं दर सोमवारी चिंचेनं घासायची. उंची बेताची, आवाज मात्र फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरून उरेल असा. तरुणपणी गावच्या नाटकात राजाची कामं केली होती, तो राजा अंगातून गेला नव्हता.

मी पहिल्या दिवशी उतरले तेव्हा त्यांनी माझा पास हातात घेऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचला, वयासकट.

“त्रेचाळीस? वाटत नाई मॅडमबाई तुमी त्रेचाळीसच्या.”

मी खूश होऊन हसले.

“मले वाटलं पन्नासच्या असान.”

त्यानंतर अकरा वर्षं त्यांनी रोज माझा पास पाहिला. रोज. मी एकदा चिडून म्हटलं, “चिंधूजी, मला ओळखत नाही का तुम्ही? काल रात्रीच तुमच्या घरची भाजी खाल्ली मी डब्यात.” तर म्हणाले, “भाजीची वळख घरी. इथी पास.”

बिनतिकिटाचा माणूस त्यांच्या फलाटावरून गाडीत चढला असं कधी झालं नाही. सरपंच नाही, पोलीस पाटील नाही. त्यांच्या सख्ख्या जावयाची गोष्ट तर सगळ्या पंचक्रोशीत सांगत. जावई पोळ्याला आला होता. परत जायच्या दिवशी ऐन वेळेला धावत फलाटावर पोचला, गाडी उभी, आणि सासरे डब्याच्या दारात आडवे.

“मामाजी, तुमच्याच घरून येऊन राह्यलो ना मी!”

“घरून आले, खिडकीतून नाई आले.”

गाडी गेली. जावई रुसून परत घरी आला आणि सासूला दुसऱ्यांदा कोंबडं कापावं लागलं. चिंधूजींच्या बायको, मैनाबाई, ही गोष्ट सांगताना नवऱ्याला मनसोक्त नावं ठेवायच्या, आणि चिंधूजी बाजूला बसून गंभीरपणे म्हणायचे, “कोंबडं गेलं. कायदा राह्यला.”

आम्ही हसायचो तेव्हा. हाच कायदा पुढे काय करणार आहे, हे कुणाला ठाऊक होतं!

पण चिंधूजी म्हटलं की मला तिकिटापेक्षा त्यांची संध्याकाळ आठवते. हॉल्टपासून गाव दीडेक किलोमीटर आत, मध्ये साग आणि बांबूचं रान. या रानात वाघ आहे हे आमच्याकडे कुणी मुद्दाम सांगत नाही. चिंधूजी सकाळी चढणाऱ्यांची डोकी मोजून ठेवायचे. कॉलेजच्या पोरी नऊ, मूलला दूध-भाजी घेऊन जाणाऱ्या बाया पाच, कोर्टकचेरीचे, दवाखान्याचे वेगळे. संध्याकाळच्या गाडीतून उतरले की सगळ्यांना शेडपुढे उभं करून पुन्हा मोजायचे. आकडा जुळला की मग काठी आपटत पुढे चिंधूजी, मागे सगळी वरात, मोठ्यानं बोलत, खोकत, गावाकडे. आकडा जुळेपर्यंत कुणी पाऊल उचलायचं नाही. मी त्याच गाडीनं पुढे चंद्रपूरला जायची, खिडकीतून मला ती उभी रांग दिसायची आणि रांगेपुढून बोट नाचवत जाणारे चिंधूजी.

एकदा एक डोकं कमी भरलं. दुधवाली शांताबाई. घरी पाहुणे यायचे म्हणून ती उलट्या बाजूनं उतरून, रूळ ओलांडून, पायवाटेनं एकटीच निघाली होती. चिंधूजी चार माणसं घेऊन टिनाचे डबे बडवत तिच्या मागे पळाले. ती अर्ध्या वाटेवर एका मोहाच्या झाडाला पाठ लावून उभी होती आणि समोरच्या धुळीत पाऊल उमटलं होतं, ताजं. चिंधूजींनी तिला गावापर्यंत शिव्या देत नेलं. “तुयी अक्कल कुठी गेल्ती वं? म्या सकाळी चौदा धाडले, तर चौदाच आनीन ना घरी?” शिव्या देता देता ते हुंदके देऊन रडत होते, असं शांताबाईनंच मला सांगितलं.

मग लॉकडाऊन आला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. ते समजण्यासारखं होतं. चिंधूजींकडून उरलेल्या तिकिटांचा गठ्ठा आणि शिक्का वरच्या ऑफिसनं परत मागवून घेतला, तेही त्यांनी मुकाट्यानं दिलं. गाड्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गाव नटूनथटून फलाटावर गेलं. पॅसेंजर आली आणि शिट्टी वाजवत निघून गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौकशी केली तर उत्तर आलं, पळसडोहचा थांबा आता नाही. का नाही? वेळ वाचवायचा आहे.

वेळ! एक मिनिट वाचवणारी ती गाडी पुढच्या स्टेशनचा सिग्नल मिळाला नाही म्हणून आठवड्यातून तीन-चारदा पळसडोहलाच उभी राहायची. पुढून कोळशाची मालगाडी यायची असायची, तिला वाट द्यायला पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माणसांना चढायला एक मिनिट मिळत नव्हतं, कोळशासाठी वीस होती. गाडी फलाटाला लागून उभी, दारं उघडी, आणि नऊ पोरी दप्तरं घेऊन समोर. त्या म्हणायच्या, चढू दे ना आबाजी. चिंधूजींची सख्खी नात पल्लवीही त्यात होती, अकरावी सायन्सची. आणि चिंधूजी नाही म्हणायचे. थांबा नाही, म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही, म्हणजे चढायचं नाही. त्या पोरी मग सायकलींनी रानातून पाच किलोमीटर डांबरी रस्त्यापर्यंत जायच्या, एसटी धरायला. नवाच्या सहा झाल्या, सहाच्या चार. वाघ दिसला की एकेका घरचं दार बंद व्हायचं.

चिंधूजींनी अर्ज करायला घेतले. मजकूर ते सांगायचे, लिहायची मी. “लिवा मॅडमबाई, तुमाले थोडीशी लाज असन तर…” मी लिहायची, ‘नम्र विनंती अशी की’. “लिवा, आमच्या पोरी वाघाच्या तोंडी देऊन तुमी कोनता वेळ वाचवून राह्यले?” मी लिहायची, ‘विद्यार्थिनींची गैरसोय होत आहे.’ त्यांचं धगधगतं वाक्य मी असं धुऊन-पुसून पाठवत होते आणि मला वाटत होतं मी मदत करते आहे. आज त्या अर्जांच्या नकला हातात घेतल्या की स्वतःच्याच अक्षराचा संताप येतो.

तरी सतराव्या की अठराव्या अर्जाला उत्तर आलं. अमुक तारखेला सकाळची पॅसेंजर पळसडोह येथे पाहणीपुरती एक मिनिट थांबवण्यात येईल. संबंधित अधिकारी प्रवाशांची आवश्यकता पाहतील.

आता यात कुणाची चूक सांगू? पळसडोहमध्ये एक रीत आहे. गावाचा पाहुणा येणार असेल तर त्या दिवशी गाव सोडून कुणी जात नाही. पाहुणा दारात आणि घरचा माणूस बाहेर, यासारखा अपमान नाही. चिंधूजींनी घरोघरी जाऊन सांगितलं, “सायब आपला पावना हाय. त्या दिसी कोनी वावरात जाचं नाई, कोनी बाजारात जाचं नाई. सगळ्यायनं फलाटावर याचं.” मी काय केलं? मी आदल्या संध्याकाळीच एसटीनं येऊन चिंधूजींच्या घरी मुक्काम केला, स्वागताचा फलक रंगवला, मुलांचं स्वागतगीत बसवलं. कॉलेजच्या पोरींना निरोप दिला, युनिफॉर्ममध्ये, दप्तर घेऊन या, म्हणजे साहेबांना दिसेल. अकरा वर्षं जी बाई सकाळच्या गाडीतून त्या फलाटावर उतरली, ती नेमकी त्या दिवशी गाडीत नव्हती.

फलाट सारवल्यासारखा स्वच्छ. आंब्याच्या पानांचं तोरण. दोनशेवर माणसं, बायांनी ठेवणीतली लुगडी काढलेली. चिंधूजींची बटणं चमकत होती. गाडी आली, थांबली, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. दोन वर्षांनी गाडी माणसांसाठी थांबत होती हो! डब्यातून एक साहेब उतरले, हातात पॅड, पॅडवर कागद. माझी मुलं गाऊ लागली. साहेब हसले, घड्याळ पाहिलं, आणि डब्यांच्या दारांकडे पाहत उभे राहिले.

तेव्हा पल्लवीला कळलं. दोनशे माणसांत त्या एका पोरीला कळलं. ती फलक टाकून पुढे धावली, एक पाय पायरीवर ठेवला आणि ओरडली, “आबाजी, चढतो ना आमी! तो चढनारे पाहून राह्यला!”

चिंधूजींनी तिचा दंड धरला.

“तिकीट कुठी हाय?”

“तिकीट तुमच्यापाशीच नाई ना!”

“म्हनून तं म्हनतो. उतर खाली. सायबासमोर बिनतिकिटानं चढतं कोनी?”

आणि मी? मी म्हटलं, “पल्लवी, ओळीत ये, गाणं चालू आहे.” हे माझं वाक्य आहे, ते मला कुणावर ढकलता येत नाही. गाडीनं शिट्टी दिली आणि ती गेली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

मग हारतुरे झाले. साहेबांनी शाळेत बसून लाखोळीची डाळ, भात, पातोडीची भाजी पोटभर खाल्ली, मैनाबाईंच्या हाताचं कौतुक केलं, गावानं बांधून दिलेला तांदूळ घेतला आणि न्यायला आलेल्या जीपमधून गेले. चिंधूजी मला म्हणाले, “मानूस चांगला हाय.” महिन्याभरानं पत्र आलं. मीच ते त्यांना वाचून दाखवलं. पाहणीच्या दिवशी चढलेले प्रवासी, शून्य. उतरलेले प्रवासी, एक. सबब थांब्याची आवश्यकता आढळून येत नाही.

तो उतरलेला एक म्हणजे साहेब स्वतः.

त्याला ती दोनशे माणसं दिसली नव्हती का? दिसली होती, त्यांच्या हातचं तो जेवला होता. त्याच्या कागदावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेर पाहायची त्याची नोकरी नव्हती. एका शब्दानं सांगता आलं असतं, बाबांनो, दहा जण चढा. नाही सांगितलं. अजून तो तांदूळ त्याच्या घशाखाली कसा उतरला असेल, हा प्रश्न मला पडतो.

चिंधूजींनी पत्र दोनदा वाचून घेतलं. उठून आत गेले आणि खाकी शर्टाची बटणं एकेक करून उसवली. मैनाबाई म्हणाल्या, “काऊन करून राह्यले असं?” तर म्हणाले, “म्या तीस वर्स डोकी मोजली. एक दिस त्यानं मोजली. त्याचं खरं झालं.” त्यानंतर गावानं त्यांना कधी बोल लावला नाही, हेच त्यांना सहन होत नव्हतं. पल्लवीनं बारावीची परीक्षा दिलीच नाही. रानातून एकटी जाणारी ती शेवटची उरली होती, बापानं सायकल विकली आणि उन्हाळ्यात लग्न लावून दिलं. लग्नात चिंधूजी मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. नातीनं पाया पडायला वाकल्यावर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, “मायाच पाया नोको पडू.”

मी त्याच वर्षी निवृत्त झाले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षा-दीड वर्षानं, चंद्रपूर स्टेशनवर. मी बहिणीकडे नागभीडला निघाले होते. तिकीट खिडकीशी गलका चालला होता म्हणून पाहिलं, तर पुढे चिंधूजी. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, काखेत दवाखान्याची पिशवी. मागची रांग ओरडत होती.

“एक पळसडोह द्या.”

आतली पोरगी समजुतीनं म्हणाली, “बाबा, हे नाव कंप्युटरमध्येच नाही. पुढच्या स्टेशनचं देऊ का?”

“पुढचं गाव मायं नाई. पळसडोह द्या.”

मी त्यांना बाजूला घेतलं. मी काढते पुढचं तिकीट, तेवढंच कायद्यानं होईल, असं म्हटलं. त्यांनी उघड्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि पास मागितल्यासारखा हात पुढे केला. मी माझं नागभीडचं तिकीट हातावर ठेवलं. त्यांनी ते नीट वाचून परत दिलं.

“तुमचं बरोबर हाय. मायं नाई. म्या मांगलं, त्यायच्यापाशी नाई. आता बिनतिकिटानंच जातो.”

आणि चिंधूजी बिनतिकिटाचे गाडीत चढले. माझ्यासमोर बसले, पिशवी मांडीवर, आणि घाम पुसत राहिले. ज्या माणसानं जावयाला चढू दिलं नाही, नातीचा पाय पायरीवरून खाली ओढला, तो आता तपासनीस कुठून येतो ते पाहत होता. तपासनीस आला. तरुण पोरगा. चिंधूजी उभे राहिले आणि नाटकातल्या आवाजात म्हणाले, “तिकीट नाई. पळसडोहले जातो.” त्यानं पट्टी पाहिली, वय पाहिलं, म्हणाला, “बसा बाबा, असू द्या.”

“असू कायले द्या? मले दया नाई पायजे, तिकीट पायजे!” अख्खा डबा वळून पाहू लागला. पोरगा गोंधळून पुढच्या डब्यात गेला.

पळसडोह जवळ आलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, लागू दे सिग्नल लाल. आणि गाडी हळू झाली, चाकं करकरली, ती थांबली. पुढून कोळसा यायचा होता. आमचा डबा बरोबर शेडसमोर होता, शेडमध्ये बकऱ्या बसल्या होत्या. चिंधूजी उठले, दांडी धरून एकेक पायरी चाचपत गवतात उतरले आणि गावाकडे न जाता मागे चालू लागले, गार्डच्या डब्याकडे. मी खिडकीतून मान काढून पाहत होते. गार्ड दारात उभा होता. त्याच्यापुढे जाऊन चिंधूजींनी एक बोट वर केलं, तेच शिरगणतीचं बोट, आणि त्यांचा आवाज सगळ्या गाडीभर ऐकू आला.

“लिवून घे बे! आजबी उतरला एक!”

मालगाडी आली, बाजूच्या रुळावरून कोळशाचे डबे धडधडत जात राहिले, किती तरी वेळ. ते संपून आमची गाडी हलली तेव्हाही चिंधूजी बोट वर करून तिथेच उभे होते.